उजळणी शंभरपर्यंत येते, पण सदतीस म्हणजे किती?

या वेळचं पत्र हडपसरहून आलंय. जरा कापून देतेय.

"ताई, मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी एका शाळेत दुसरीचा वर्ग मिळालाय. मुलं एक ते शंभर घडाघडा म्हणतात पण सदतीस लिहा म्हटलं की बरीच जण ७३ लिहितात. ३७ मधल्या ३ ची किंमत किती विचारलं तर तीनच सांगतात. मी फळ्यावर दशक-एककाचे रकाने आखून पुन्हा पुन्हा समजावलं, काही उपयोग नाही. परवा एका मुलीने विचारलं, बाई शून्य म्हणजे काहीच नाही ना, मग लिहायचं कशाला? मला उत्तर देता आलं नाही. इकडे टीईटीसाठी (शिक्षक पात्रता परीक्षेसाठी) व्याख्या पाठ करतेय पण १ ही मूळ संख्या का नाही ते मलाच कळलेलं नाही. माझं गणित शाळेपासून कच्चं. मी प्राथमिकला शिकवायच्या लायकीची आहे का? नाव छापू नका प्लीज."

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. आहेस. लायकी नसलेल्या माणसाला शून्याचा प्रश्न डोक्यात घेऊन घरी यावं लागत नाही, तो "पुस्तकात आहे म्हणून लिही" म्हणतो आणि मोकळा होतो. गणित कच्चं असण्याचं म्हणशील तर आपल्यातल्या बहुतेकांना शाळेत "कसं करायचं" तेवढंच सांगितलंय, "असं का" हे कोणी विचारलं नाही आणि आपणही विचारलं नाही, आणि दुसरीचा वर्ग नेमकं तेच विचारतो, त्यामुळे सगळ्या नव्या शिक्षकांची पहिल्या वर्षी अशीच फजिती होते.

आता वर्गाकडे येऊ. रकाने आखलेस ना, तिथेच गडबड झालीये. द आणि ए असे दोन रकाने हा शेवटचा टप्पा आहे, सगळं कळल्यावर थोडक्यात लिहायची सोय. तुझ्या मुलांच्या डोक्यात सदतीस म्हणजे अजून फक्त छत्तीसनंतर येणारा आवाज आहे, एवढ्या-एवढ्या वस्तू असं काही ते नाहीये. उजळणी वाईट असं मी म्हणत नाही, हल्ली उजळणीला नावं ठेवायची फॅशन आलीये ती मला पटत नाही, क्रम तोंडात पक्का बसायलाच हवा. पण क्रम म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोजता येणं आणि संख्या कळणं या परत वेगळ्या.

म्हणून काही शिकवायच्या आधी एकेका मुलाला जवळ बसवून तपास कर. मधल्या सुट्टीत कर, खेळ म्हणून कर, वही-पेन्सिल नको. चिंचोके घे मूठभर, फुकट मिळतात. आठ चिंचोके त्याच्यापुढे टाक आणि म्हण मोज. तो बोट लावत मोजेल एक दोन तीन चार... आठ. लगेच विचार, "मग किती आहेत?" इथे नीट बघ. जो पटकन "आठ" म्हणतो त्याला कळलंय की शेवटचा शब्द हा सगळ्या ढिगाचा आकडा आहे. पण एखादं मूल परत पहिल्यापासून मोजायला लागेल, एक दोन तीन, आणि तू परत किती विचारलंस की परत मोजेल, कारण त्याच्या दृष्टीने "किती" म्हणजे "मोजून दाखव". एखादं असंही निघेल की "पाच चिंचोके दे" म्हटल्यावर रांगेतला पाचवा एकच उचलून देईल. त्याला "किती" आणि "कितवा" यातला फरक अजून कळलेला नाही, आणि अशा मुलाला तू दशक-एकक शिकवत होतीस.

पुढे तेच आठ चिंचोके त्याच्या डोळ्यांसमोर लांब लांब पसरून विचार, आता किती? "जास्त झाले" असं उत्तर आलं तर दचकू नकोस. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलंय आणि टीईटीच्या बालमानसशास्त्रात तुला ते "संख्येची अक्षय्यता" वगैरे जड नावाने भेटेल, त्याचा अर्थ एवढाच की मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही हे मुलाला अजून पटलेलं नाही. मग उलटीकडून मोजायला सांग, मधूनच कुठून तरी सुरू करायला सांग, आठच येतात का ते त्यालाच बघू दे. गेलमन आणि गॅलिस्टल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली, एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, काहीही मोजता येतं, आणि कुठूनही मोजलं तरी चालतं. ही पाच पाठ करू नकोस, चिंचोके घेऊन दोन मुलांबरोबर बसलीस की आपोआप लक्षात राहतील.

दुसरा तपास दुसरीसाठी जास्त महत्त्वाचा. सोळा चिंचोके मोजून घ्यायचे, कागदावर १६ लिहायचं. आधी ६ वर बोट ठेवून म्हणायचं हा जो सहा आहे तेवढे चिंचोके दाखव, मूल सहा बाजूला काढतं. मग १ वर बोट ठेव आणि म्हण, आता हा एक आहे तेवढे दाखव. मूल एक चिंचोका काढतं. उरले नऊ. विचार, "मग हे नऊ कोणाचे?" काही मुलं तुझ्याकडे बघत राहतील, काही म्हणतील "ते उरलेले", आणि त्यांना त्यात काही खटकणारही नाही. तुझ्या वर्गात ३७ मधल्या ३ ची किंमत तीन येते ती इथून. ते उत्तर दुर्लक्षामुळे आलेलं नाही, त्यांना दिसतंय तेच ती सांगतायत. त्यांना ३ दिसतोय. तीस त्यांनी कधी पाहिलेलेच नाहीत.

मग तीस दाखवायचे. आईसफ्रूटच्या काड्या नाहीतर खराट्याच्या काड्या आणि रबरबँड. बोहरी आळीत रंगीत काड्या किलोवर मिळतात पण खरंच गरज नाही. एक नियम मात्र पाळ, गठ्ठे मुलांनीच बांधायचे. तयार दहाचे गठ्ठे नेलेस तर मुलांना तो गठ्ठा ही एक वस्तू वाटते, आत दहा आहेत हे तू सांगतेस म्हणून ती मान डोलावतात. स्वतः दहा मोजून रबर लावलं, कोणाच्या गठ्ठ्यात नऊच निघाल्या म्हणून भांडणं झाली, परत सोडून मोजलं, की मग दहा ही एकाच वेळी "दहा सुट्या" पण आहे आणि "एक गठ्ठा" पण आहे हे हाताला कळतं. सगळी स्थानिक किंमत या एका गोष्टीवर उभी आहे. पुढे शंभर म्हणजे दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा, हजार म्हणजे तसे दहा, नवीन काही नाही.

यात घाई करू नकोस. निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-लेखन आणि संख्याज्ञानाचं अभियान २०२१ मध्ये आलं तेव्हापासून पहिलीला ९९, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९ पर्यंत असे टप्पे ठरलेत आणि सगळ्या शाळांना तक्ते भरायची घाई असते, पण ९९ पर्यंत गठ्ठे पक्के झालेलं मूल ९९९ ला भराभर जातं आणि न झालेलं मूल चौथीत भागाकाराला येऊन अडकतं. वर्गाच्या बाईंनी विचारलं काड्यांशीच खेळताय का अजून, तर हो म्हणून सांग, आणि मग त्यांना सोळा चिंचोक्यांचा तपास करून दाखव, त्यांनाही मजा वाटेल.

७३ चं काय? त्यात बिचाऱ्यांची फारशी चूक नाही गं. सदतीस म्हणताना कानावर आधी सात येतो, मग तीस. पोरगं ऐकलं तसं लिहितं, आधी ७ मग ३. एकोणतीसला तर तीस ऐकू येतं आणि वर एक काहीतरी आहे म्हणून ३९ लिहितात, ३१ लिहिणारीही सापडतील. एकोणचाळीसचे ४९ होतात. आणि नव्याण्णवला हा एकोणचा नियमही सोडून दिलाय. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनपद्धत दिली तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मराठी भाषा बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जण दुसरीच्या वर्गात जमिनीवर बसले होते कोण जाणे. माझं मत विचारशील तर दोन्ही वापर. काड्या मांडताना "तीस आणि सात, तीस सात", आणि लगेच "म्हणजे सदतीस". घरी बाजारात सदतीसच ऐकू येणार आहे त्यामुळे ते सोडून चालणार नाही, पण लिहायच्या वेळी डोक्यात तीस सात असलं की हात बरोबर चालतो. तुझ्या वर्गात कन्नड किंवा तेलुगू घरातली मुलं असतीलच, त्यांना घरी सदतीस कसं म्हणतात विचार. त्यांच्याकडे तीस आधी आणि सात नंतर येतो. एरवी मराठी कच्चं म्हणून मागे बसणारं मूल त्या दिवशी सगळ्या वर्गाला शिकवेल.

आता त्या मुलीचा प्रश्न. पोरगी हुशार आहे, तिला सांग फार भारी प्रश्न विचारलास. आणि उत्तर तोंडाने देऊ नकोस, कार्डं कर. जुन्या लग्नपत्रिका कापून होतात. १ ते ९ ची छोटी कार्डं, १० ते ९० ची त्याच्या दुप्पट लांब, १०० ते ९०० ची तिप्पट. सदतीस करायला ३० चं कार्ड घ्यायचं आणि त्याच्या शून्यावर ७ चं कार्ड ठेवायचं, दिसतं ३७, आणि ७ उचललं की खाली शून्य लपलेलं असतं. मुलांना हा जादूचा प्रकार वाटतो, दहा वेळा उचलून बघतात. मग सांग तीनशे सात करा. ३०० घेतलं, ७ शेवटच्या शून्यावर ठेवलं, आणि मधलं शून्य तसंच दिसत राहिलं. त्या मुलीला विचार, हे मधलं शून्य पुसलं तर? ३७ झाले. तीनशे सातचे सदतीस झाले. "काहीच नाही" लिहिलं नाही तर बाकीचे आकडे सरकतात, म्हणून लिहायचं. दहाचा सुटा गठ्ठा एकही नाही हे सांगायला ते तिथे बसलंय.

ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही बरं का. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गायी, किती नाणी दान दिली त्याचे आकडे कोरलेत त्यात. पण तिथे दहाला वेगळं चिन्ह, शंभरला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही आणि जागेवरून किंमत ठरणं पण नाही. म्हणजे हजारो गायी मोजणारी माणसं होती आणि तरी त्यांना ही युक्ती माहीत नव्हती, आणि आपण सात वर्षांच्या पोराने ती एका तासिकेत समजावी म्हणतो. सहल काढलीत तर घेऊन जा मुलांना.

शून्याची दुसरी बाजूही तिला दाखव. चार चिंचोके घे, चार मैत्रिणीला दे, उरले किती? ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य असंच सांगितलंय, संख्येतून तीच संख्या वजा केली की जे येतं ते. म्हणजे जागा धरणारं चिन्ह पण आणि "किती" या प्रश्नाचं उत्तर पण, म्हणून ती संख्याच. सम की विषम असं कोणी विचारलं तर सम, जोड्या लावल्यावर एकटं कोणी उरत नाही.

वजाबाकीचं तू विचारलं नाहीस पण येणारच आहे म्हणून सांगते. ४२ मधून १७. "दोनातून सात जात नाहीत म्हणून शेजाऱ्याकडून उसना घेतला" हे वाक्य जमलं तर बंद कर. उसना घेतला म्हणतो आणि परत कधी देत नाही, काय शिकवतोय आपण. चार गठ्ठे दोन सुट्या मांडायच्या, सात सुट्या हव्यात, नाहीयेत, मग एका गठ्ठ्याचं रबर काढायचं. झाले तीन गठ्ठे बारा सुट्या, काड्या तेवढ्याच, बेचाळीसच. सात काढल्या, एक गठ्ठा काढला, उरले पंचवीस. "रबर काढलं" असंच म्हणत जा वर्गात, मुलं वहीत करताना पण तोंडाने रबर काढलं म्हणतात.

आता तुझा अभ्यास. १ मूळ का नाही. परत चिंचोके, सॉरी. बारा चिंचोके आयताकृती मांड, एका रांगेत बारा, दोन रांगांत सहा-सहा, तीन रांगांत चार-चार. आता सात घे. एका रांगेशिवाय मांडताच येत नाहीत. सातला विभाजक दोनच, १ आणि ७, ती मूळ. बाराला जास्त आहेत, ती संयुक्त. आणि १? त्याला विभाजक एकच, तो स्वतः. मूळ असायला बरोबर दोन विभाजक लागतात, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. मग तू म्हणशील व्याख्याच तशी केली म्हणून, पण तशी का केली? बघ, १२ म्हणजे २ × २ × ३, मूळ संख्यांत फोडायची एकच पद्धत, क्रम सोडला तर. १ ला मूळ म्हटलं की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३, कितीही लांबवता येतं, एकच पद्धत राहत नाही. ते बिघडू नये म्हणून १ ला बाहेर ठेवलं. संपलं, आता ही व्याख्या तुला जन्मात विसरता येणार नाही.

टीईटीच्या पेपर एकमध्ये १५० पैकी गणिताचे ३० प्रश्न असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही सोडायचा नाही. संख्याज्ञानावर जे हमखास विचारतात ते पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढ. १ ते १०० मध्ये मूळ संख्या २५, ते शंभरचा चौकोन काढून २, ३, ५, ७ च्या पटी खोडून बघ, पाव तासाचं काम आहे. १ ते १०० लिहिताना १ हा अंक २१ वेळा येतो, २ ते ९ प्रत्येकी २० वेळा, शून्य ११ वेळा. का, ते शोधलंस की स्थानिक किंमत तुझी पक्की. अंक आणि संख्या यात गोंधळ करू नकोस, अंक दहाच आहेत, संख्या संपत नाहीत. सर्वात लहान नैसर्गिक संख्या १, पूर्ण संख्या ०, मूळ २, संयुक्त ४. दर्शनी किंमत म्हणजे अंक स्वतः, स्थानिक किंमत म्हणजे तो जिथे बसलाय तिथली, ३७ मध्ये ३ ची दर्शनी ३ आणि स्थानिक ३०, फरक २७, असे प्रश्न येतात. बाकी पीएमपीच्या बसचा नंबर हीसुद्धा संख्या, पण तिथे "किती" नाही आणि "कितवा" पण नाही, नुसतं नाव आहे, अशा गोष्टी पेडॅगॉजीच्या, म्हणजे शिकवायच्या पद्धतीवरच्या, प्रश्नात कामाला येतात.

आणि रोज थोडा वेळ नुसता खेळ. गणितज्ञ कापरेकर माहितीयेत ना, देवळालीला शाळेत शिकवायचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. चार अंकी कुठलीही संख्या घे, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, मोठीतून लहान वजा कर, आलेल्या उत्तराचं परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे कितीही कर, ६१७४ च. जास्तीत जास्त सात वेळात तिथे पोचतेसच. मधल्या पायरीत ०३७८ मधलं पुढचं शून्य कशाला धरायचं ते तुझ्या त्या पोरीला विचार.

गाईड घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाण्याआधी बालभारतीची पहिली ते पाचवीची गणिताची पुस्तकं सलग वाच, वेबसाइटवर पीडीएफ फुकट आहेत. विद्यार्थिनी म्हणून वाचू नकोस, प्रत्येक पानाला विचार की हे पान शिकवायला माझ्या हातात कोणती वस्तू लागेल, आणि समासात लिहून ठेव. पाठ टाचणाला पण तेच कामी येईल. सोळा चिंचोक्यांचा तपास आधी पाच-सहा मुलांचाच कर, सगळा वर्ग एकदम काढू नकोस, आणि कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. "ते उरलेले" म्हणणारी किती निघाली ते मला कळव, पुढचं त्यावरून ठरवू.